बाबांना लंडन दाखवताना

आईबाबांना लंडन फिरवायचं या नुसत्या कल्पनेनेच मला धाप लागत होती. पण आईने धोशा लावला होता. नॉटिंगहॅमला माझ्याकडे आल्यापासून तिचं एकच चालू: लंडन, विंडसरचा किल्ला, ते उभे मोठे दगड, सगळं ह्याच खेपेला. "अगं, पुढच्या उन्हाळ्यात निवांत बघू," म्हटलं की गप्प व्हायची आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. शेवटी हॉस्पिटलमधून रजा काढली, वेम्बलीला मैत्रिणीकडे मुक्काम टाकला आणि दोघांना पळवायला लागले. विंडसरला बाबा सारखे विचारत होते, "आता घरी ना?" कंटाळले असतील, असं मला वाटलं. आणि म्हणे मी डॉक्टर!

मग लंडनमधल्या एका मोठ्या कॅथीड्रलमध्ये गेलो. आईला रंगीत काचा दाखवून वळले, तर बाबा नाहीत. त्यांचा फोन आईच्या पर्समध्ये, हरवू नये म्हणून. आधी मला रागच आला. सगळीकडे शोधलं, अगदी टॉयलेटमध्येही कुणाला तरी पाठवलं. मग दाराशी त्यांचे बूट दिसले, भिंतीला लावून नीट ठेवलेले. पायताण काढल्याशिवाय बाबा कधी देवापुढे गेलेच नाहीत. मला एकदम हायसं वाटलं. बूट इथे, म्हणजे माणूस आत. म्हणून पुन्हा आतच शोधत बसलो आणि हातचा वेळ घालवला.

शेवटी गार्डकडे गेले. त्याने विचारलं, "इज ही व्हल्नरेबल?" हा शब्द मी वॉर्डात रोज वापरते. तरी ताडकन "नो" म्हणाले.

"काय विचारतोय गं तो?" आई म्हणाली.

"बाबांना एकटं सोडलं तर चालतं ना, असं विचारतोय."

आईने माझा दंड घट्ट धरला. "नाही चालत म्हणून सांग. वर्ष झालं. कोपऱ्यावर दूध आणायला गेले तरी मी मागे मागे जाते."

"आई! मला सांगितलं का नाहीस?"

"तू येऊच दिलं नसतंस. टेस्ट करत बसली असतीस. त्यांना कळतंय तोवर तू राहतेस तो देश दाखवायचा होता गं. एवढंच."

आईला गार्डजवळ बसवून मी बाहेर धावले. पाऊस भुरभुरत होता, फुटपाथवर पाय ठेवायला जागा नव्हती. मी मराठीतच "बाबा, बाबा" ओरडत होते आणि लोक घाबरून बाजूला होत होते. त्यांच्या पायात बूट नाहीत, खिशात पत्ता नाही. नदी जवळ होती आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं. आठवतील तेवढ्या देवांना हात जोडले, एरवी ज्यांना मी हसते त्यांनाही.

पुलाच्या अलीकडे एका बाकावर बाबा बसले होते. मोजे चिंब ओले, चेहरा शांत. मी समोर जाऊन उभी राहिले आणि मला रडूच फुटलं. त्यांनी सरकून जागा करून दिली.

"रडू नका," ते म्हणाले. "वाट चुकलात का? बसा इथे. माझी मुलगी येतेय मला न्यायला. ती डॉक्टर आहे, तुम्हालाही घरी पोचवेल."

मी त्यांच्या शेजारी बसले.