झोळीचं पातळ नेसून सांगलीला

हसायचं असेल तर आधी चहाचा कप खाली ठेवा. ही फजिती मी आजवर दोनदाच सांगितली, आणि दोन्ही वेळा शेवटाला आल्यावर माझाच आवाज भलतीकडे गेला.

साताऱ्याहून सांगलीला सायकलवरून जायचं ही कल्पना कमलची. मी, उषा आणि कमल कॉलेजातल्या मैत्रिणी. तेव्हा अशा बढाया पुष्कळ मारल्या होत्या. पुढं उषा ग्रंथालयात चिकटली, मी संसाराला लागले आणि कमलचा नवरा एकाहत्तरच्या लढाईत गेला. त्यानंतर कोरेगावच्या सासरी ती उंबऱ्याबाहेर फारशी दिसलीच नाही.

तिसऱ्या वर्षी तिला सांगलीच्या एका शाळेत नोकरी लागली. सासरे म्हणाले, दीर पोचवेल. ती म्हणाली, मला कुणी पोचवायला नको, माझी मी सायकलवर जाईन. घरात दोन दिवस कुणी बोललं नाही म्हणे. शेवटी सासरे नमले, पण अट घातली: तिघी बरोबर असाल तरच. मी तिच्या हातावर हात ठेवून म्हटलं, आहे ना मी! आता हसा हवं तर.

ट्रंक एसटीनं पुढं गेली. पहिला मुक्काम कराडला उषाच्या मावशीकडं, दुसऱ्या दिवशी सांगली.

माझा मधू तेव्हा आठ महिन्यांचा. दूध वाटीनं प्यायला लागला होता, तरी त्याला सोडून मी कधी रात्रभर राहिले नव्हते. मी एका कागदावर तेवीस सूचना लिहिल्या आणि चुलीजवळच्या भिंतीला चिकटवल्या. आमच्या आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, वाचता येत नाही हे खळ वाळल्यावर आठवलं. सहा पोरं वाढवलेली ती बाई माझ्याकडं बघून नुसती मान हलवत राहिली.

पहाटे अंधारात नेसायला लागले. चेनचं वंगण चांगल्या पातळाला कशाला, म्हणून दोरीवरचं जुनं, मऊ पातळ ओढलं, पदर खोचला आणि निघाले. कमल पुढं. खरं सांगते, तिला इतकं जोरात पायडल मारताना बघून मला पोरीसारखं वाटलं. नागठाण्यापर्यंत ती गात होती. तीन वर्षांत मी तिचा गाता आवाज ऐकला नव्हता.

अतीतला चहाला थांबलो आणि उषा माझ्या पदराकडं बघून म्हणाली, "हे कुणी चावलंय गं?"

मी बघितलं. पदराचा कोपरा चघळून चघळून लोळागोळा झालेला. दोन्ही टोकांना गाठींच्या चुण्या. माझ्या हातातली बशी कलली. हे मधूच्या झोळीचं पातळ! आदल्या दिवशी धुऊन वाळत घातलेलं. जन्मल्यापासून पोर त्याच झोळीत झोपतं, आणि मी ती झोळी नेसून अतीतला आले होते.

कमल शांतपणे म्हणाली, आत्याबाई दुसरं काहीतरी बांधतीलच की. पण ऐकतंय कोण? मला इथून त्याचं रडणं ऐकू येत होतं. रडून रडून तो निळा पडला, आकडी आली, इथवर मी चहा संपायच्या आत पोचले. कराडहून साताऱ्याकडं जाणारी एसटी दिसली तशी मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले.

उषा म्हणाली, हिला अशी एकटी कशी सोडायची? मग दोघींच्या सायकली टपावर चढल्या. कमलला म्हटलं, तूही चल, पुढच्या आठवड्यात परत निघू.

"मला मागं नाही जायचं गं," ती म्हणाली. "तुम्ही जा."

एसटी हलली. मागच्या काचेतून ती दिसत होती. एक पाय जमिनीवर, एक पायडलवर. निघत नव्हती.

इकडं कंडक्टरनं विचारलं, "काय झालं वं बाई?" मला रडण्यातून बोलता येईना. उषा म्हणाली, घरी तान्हं बाळ आहे तिचं. तिसऱ्या बाकापर्यंत बाळ आजारी झालं. ड्रायव्हरपर्यंत 'लय शिरियस' झालं. त्यानं नागठाण्याला गाडी थांबवलीच नाही. तिथं उतरायच्या एक आजी म्हणाल्या, "चलू दे बाबा, मी येईन मागनं," आणि कनवटीचा अंगारा काढून माझ्या कपाळाला लावला. मी खुलासा करायला हवा होता, कबूल. पण एवढ्या लोकांना माहीत आहे म्हणजे खरंच असेल, असं वाटून मी आणखी मोठ्यानं रडले.

घरी शिरले ती अंगारा लावलेली, वंगणानं काळी झालेली, मागं आजी आणि दोन अनोळखी गृहस्थ.

आत्याबाईंनी आपलं नऊवारी लुगडं तुळईला बांधलं होतं. त्यात मधू गाढ झोपलेला, तोंड उघडं टाकून. मी उचलायला गेले तर त्यानं डोळे उघडले, मला बघितलं, भोकाड पसरलं आणि आत्याबाईंकडं हात केले.

आत्याबाईंनी त्याला खांद्यावर घेतलं, थोपटलं, आणि मग दाराबाहेर कुणाला तरी शोधल्यासारखं बघितलं.

"पोरगं माझ्यापाशी हुतं," त्या म्हणाल्या. "कमलपाशी कोण हाय?"

"उषा आहे की," मी घाईघाईनं म्हटलं.

अंगणात दोन्ही सायकली धरून उभी असलेली उषा खाकरली.