मोटारीचा नंदादीप

काशीतल्या दूधविनायकाच्या गल्लीत मोटार ठेवायची तर आधी गल्लीच ओढून रुंद करायला हवी. म्हणून वेणीमाधवरावांची छोटी निळी मोटार मैदागिनजवळ एका लाकूडवाल्याच्या आवारात राही आणि वेणीमाधवराव तिला भेटायला जात. इस्पितळातल्या माणसाला भेटायला जावं, तसे. हातात पिशवी, पिशवीत डबा. फक्त डब्यात मऊ भात नसे, इंजिन ऑइल असे.

जन्मभर त्यांनी शाळेत संस्कृत शिकवलं. पण गल्लीत त्यांचा मान होता तो नंदादीपामुळे. पंचगंगा घाटाच्या वर एका लहानशा विष्णुमंदिरातला अखंड दिवा त्यांच्या घराण्याकडे होता. रोज पहाटे वेणीमाधवराव जात, समईत तेल घालत, नमस्कार करून परत येत. "आमच्या पणजोबांपासून विझलेला नाही," हे ते नव्या माणसाला चहा यायच्या आत सांगून टाकत.

निवृत्तीनंतर पत्नी शरदिनीबाईंचे गुडघे गेले आणि लेक बकुळ अलाहाबादला. बसच्या पायऱ्या बाईंना चढवेनात. म्हणून ही जुनी मोटार आली. ती आली आणि तिला तेल लागतं, असं कळलं. तेलाचं तर आपल्याला घरचंच शास्त्र, असं वेणीमाधवरावांना वाटलं. सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

तेल कुठलं घ्यावं, याबद्दल बनारसमध्ये मत नसलेला माणूस मिळणं कठीण. दुकानदार म्हणाला, "पतला लीजिए गुरूजी, नए ज़माने का है." शेजारचा पानवाला म्हणाला, "अरे गुरू, बूढ़ी गाड़ी है, गाढ़ा डालो गाढ़ा!" वेणीमाधवरावांनी दोन्ही तेलं बोटांवर चोळली, वास घेतला आणि दोन्ही घेतली. नंदादीपाला कुणी तिळाचं वाहतं, कुणी मोहरीचं. दिवा कधी तक्रार करतो का?

मग दर सोमवारी ते बॉनेट उघडत, मोजायची पट्टी धोतराच्या जुन्या तुकड्याला पुसून बुडवत आणि वरच्या खुणेपर्यंत तेल भरत. इंजिन म्हातारं, तेल पिणारं. दर सोमवारी थोडं कमी झालेलं असे आणि त्यांना भरून येई. घेते आहे बिचारी!

एकच गोष्ट त्यांना टोचे. किल्ली फिरवली की स्टिअरिंगमागच्या काचेत एक लाल दिवा लागे. त्यावर अगदी पणतीसारखं चित्र. आणि इंजिन सुरू झालं की तो विझे. प्रत्येक वेळी त्यांच्या काळजात चर्र होई.

बकुळला मुलगी झाली. बारसं संध्याकाळी. शरदिनीबाईंनी आपल्या लग्नातल्या शालूची कुंची शिवली होती. नाव ठेवताना ती बाळाच्या डोक्यावर असावी, एवढीच त्यांची इच्छा. दोघा शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीसकट उचलून गल्लीबाहेर आणलं आणि कुंची मांडीवर घेऊन त्या मोटारीत बसल्या.

अलाहाबादच्या वाटेवरचं गोपीगंज मागे पडलं आणि लाल दिवा लागला. लागला तो लागलाच.

"अगं, बघ!" वेणीमाधवराव हरखून म्हणाले. "आज विझत नाही!"

"आवाज कसला येतोय, अहो?"

"येऊ दे. दिवा बघ किती स्थिर आहे."

त्यांनी स्टिअरिंगवरचा एक हात काढून दिव्याला नमस्कारसुद्धा केला. आवाज मात्र वाढत गेला, लोखंडी खलबत्त्यात कुणीतरी दगड कुटत असल्यासारखा. मग एक मोठा ठोका पडला आणि मोटार रस्त्याच्या कडेला उभी राहिली. ती पुन्हा हलली नाही.

समोरच्या टपरीतला मिस्त्री आला. त्यानं खाली शिरून बोल्ट काढला. बराच वेळ काहीच पडलं नाही. मग एक काळा गोळा हळूच लोंबला.

"ई तेल है कि डामर? बदलवाया कब था?"

"बदलवाया?" वेणीमाधवराव गोंधळले. "डालते तो हर सोमवार को हैं!"

"डालते हैं. निकालते कब हैं?"

वेणीमाधवरावांनी शरदिनीबाईंकडे पाहिलं.

"एवढ्या काजळात अख्ख्या काशीतल्या पोरांना तीट लावून झाली असती," त्या म्हणाल्या. "अहो, देवळातल्या समईची काजळी कोण काढतं?"

"काजळी? तिथे कुठे असते?"

"नसते, कारण मी काढत होते. तुम्ही तेल घालून आलात की मागून जायची. जळकी वात, खालचा गाळ, सगळं. एकीवरून दुसरी वात लावून मगच समई घासायची. तुम्हाला काय वाटलं, पणजोबा येत होते?"

"मग आता? तुझे गुडघे…"

"तेच म्हणते मी."

वेणीमाधवरावांना गेल्या काही महिन्यांतली देवळातली काळवंडलेली भिंत आठवली. पुजारी स्टोव्ह पेटवत असेल, असं त्यांना वाटलं होतं.

मिस्त्री म्हणाला, लाल दिवा लागला तेव्हाच थांबायला हवं होतं, आता इंजिन जाम, आज काही होणार नाही. बस आली, ती दारापर्यंत माणसांनी भरलेली. शरदिनीबाईंनी पायरीकडे पाहिलं आणि मान हलवली. टपरीशेजारच्या पिवळ्या एसटीडी बूथमधून वेणीमाधवरावांनी फोन लावला. पलीकडे बायका पाळणा म्हणत होत्या. "बाबा, कुठे आहात? बाळाच्या आत्या थांबायला तयार नाहीत, वेळ टळतेय," बकुळ म्हणाली. मग आत्यानं बाळाच्या कानात केलेलं ‘कुर्रर्र’ फोनवर आलं. नाव ऐकू येण्याआधीच लाइन कटली.

ते मोटारीपाशी परत आले. दिवेलागण झाली होती. शरदिनीबाई कुंचीची घडी पुन्हा पुन्हा गुडघ्यावर सारखी करत होत्या.

"काय ठेवलं?" त्यांनी विचारलं.

"कळलं नाही गं."

काहीतरी करायला हवं होतं. वेणीमाधवरावांचा हात सवयीनं पिशवीकडे गेला. त्यांनी डबा काढला आणि त्याचं झाकण फिरवलं.

"अहो, आता राहू द्या," शरदिनीबाई म्हणाल्या.

त्यांनी झाकण लावलं. डबा कुठे ठेवावा ते त्यांना समजेना, म्हणून तो पोटाशी धरून ते त्यांच्या शेजारी बसून राहिले.