वाऱ्याचो कौल

मालवणजवळच्या एका देवळात मी त्या बाईला एकदाच पाहिलं. गुरवाने कौल लावायला देवाच्या पाषाणावर दोन बाजूंना दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या होत्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी मात्र देवापेक्षा टेबलफॅनच्या जवळ बसलो होतो. उकाड्यात माझ्या देहाला भक्ती झेपत नाही.

"पंखो बंद करा ओ," बाई मला म्हणाली. "माका देवाचो कौल होयो, वाऱ्याचो नको."

मी निमूट बटण दाबलं. तिने दार ओढून घेतलं, येऊन बसली, पदर खोचला, पुन्हा उठून खिडकी चाचपून आली.

"झील दुबईक जाऊचो म्हणता," ती मुलाबद्दल गुरवाला म्हणाली. "धाडू काय, विचार."

गुरवाने गाऱ्हाणं घातलं. बाईने श्वास रोखला, म्हणून मीही रोखला. माझा श्वास म्हणजे भाताची गिरण, असं आमच्या घरातलं मत आहे.

उजवी पाकळी पडली.

"देवान हुकूम दिलो. धाड झिलाक," गुरव म्हणाला.

ती उठेना. पदराचं टोक पिळत तिने माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, तुमचो श्वास तर नाय लागलो?"

माझ्या श्वासाबद्दल इतक्या आशेने आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी तो पुरता कोंडून धरला होता. तरी म्हटलं, "माझाच लागला असेल."

गुरवाने मला एकवार न्याहाळलं आणि नवी पाकळी पाण्यात बुडवली.