बॅटरीची फॅट काढली तेव्हा

गावच्या दूध संकलन केंद्रात मी फॅट काढतो, म्हणजे दुधात स्निग्धांश किती ते मोजतो. रोज सकाळ-संध्याकाळ लोक कॅन घेऊन येतात, गळ्याची शपथ घेतात आणि माझं मशीन त्या शपथेतलं पाणी दाखवतं. या कामानं माणूस बिघडतो. सासरी मिळालेला चहा मी एकदा कप तिरका करून न्याहाळला होता. बायको ते अजून पाहुण्यांना सांगते.

तर संगमनेरहून मी खिशात मावेल अशी एक बॅटरी आणली. खोक्यावर लिहिलेलं, एका चार्जिंगमध्ये दहा तास. दुकानदाराला विचारलं, "खरंच दहा?"

"साहेब, दहा तास अंधारात तुम्हाला करायचंय काय?"

प्रश्न रास्त होता. गोठ्यात डोकवायचं, मोटार चालू करायची, वाटेत साप नाही ना एवढं बघायचं; सगळं धरून पाव तासाचं काम. पण खोकं दहा म्हणत होतं, आणि मोजल्याशिवाय मी सख्ख्या भावाचं दूध घेत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळचं संकलन उरकून मी बॅटरी लावली आणि पत्र्याच्या कोठीत गव्हावर ठेवली. उन्हात नजर फसते, म्हणून कोठी. मी नसताना ती विझली तर कळावं म्हणून शेजारी मोबाईलवर व्हिडिओ चालू करून ठेवला. बायकोनं दळणासाठी झाकण उघडलं.

"अहो, कोठीत उजेड कशाला? गव्हाला पेपर वाचायचाय का?"

"चाचणी चाललीय. हात लावू नको."

"चाचणी ऱ्हाऊ द्या. गाईची कास बघा कशी तटतटलीय. आज व्यायचीच ती. अंधारात बॅटरी लागंल."

"दहा तास चालते ती," मी ऐटीत म्हणालो. ज्या आकड्यावर विश्वास नव्हता म्हणून हा सगळा खटाटोप, तोच मी पुरावा म्हणून पुढं केला.

ही गाय पहिलारू, पहिल्यांदाच विणारी. तिची आई व्याल्यावर दगावली, तेव्हा बायकोनं हिला बाटलीनं दूध पाजून स्वयंपाकघरात वाढवलं होतं. आमच्या लग्नाची तारीख बायको विसरते. गाय कधी गाभण राहिली ती तारीख मात्र तोंडपाठ.

संध्याकाळचं संकलन करून घरी आलो तर दिवस बुडालेला, लाईट गेलेली आणि गोठ्यात नुसता तुटका कासरा. गाय आडोसा शोधत बांधापलीकडच्या उसात शिरली होती. त्याच बांधावरून गेल्या आठवड्यात बिबट्यानं शेळी नेली होती.

"बॅटरी आणा आधी!" बायको ओरडली.

कोठी उघडली. आत विझत आलेल्या बिडीएवढी धुगधुगी होती. मी उचलली आणि तीही गेली. मोबाईल तिच्याही आधी गेलेला. म्हणजे उजेड गेला तो गेलाच, तो किती वेळ टिकला याचा साक्षीदारही उरला नाही.

बायकोनं कोठीचं झाकण दाणकन आपटलं. ती झाकणं आपटते तेव्हा मी शक्यतो घराबाहेर जातो, पण बाहेर बिबट्या होता. तिनं कोनाड्यातला आपला बटणांचा साधा मोबाईल घेतला, त्याचा ज्वारीच्या दाण्याएवढा दिवा लावला आणि निघाली. मी मागोमाग थाळी-पळी घेऊन.

आरडाओरडा ऐकून उसाचे मालक आबा मोटारसायकल घेऊन बांधावर आले. हेडलाईटचा झोत उसाच्या तिसऱ्या सरीतच अडला. "मी हॉर्न वाजवतो, तुमी थाळी वाजवा," ते म्हणाले. "आवाज थांबला की बिबट्याला वाटतं माणसं गेली."

मी जीव खाऊन थाळी बडवली. पाचट कचकचत होतं.

"मी पुढं होऊ का?" मी विचारलं, ती नको म्हणेल या भरवशावर.

"उजेड कुणाकडं हाय?"

"तुझ्याकडं."

"मग वाजवा गुमान."

पाटाच्या कडेला गाय आडवी पडलेली सापडली. वासराचे पुढचे पाय बाहेर आले होते आणि तिथंच अडले होते. बायकोनं मोबाईल माझ्या हातात कोंबला, पदर खोचला आणि गुडघ्यावर बसली.

"उजेड धरा. गाईवर! आभाळावर न्हाई!"

एका हातात दिवा, दुसऱ्या हातानं थाळी मांडीवर आपटत होतो. गाईनं कळ दिली की बायको ओढायची, कळ थांबली की तीही थांबायची आणि गाईच्या कानाशी म्हणायची, "जरा दम धर, माझी बाय." तिचा आवाज तेव्हा पहिल्यांदा कापला. मी थाळी वाजवायची विसरलो. बांधावरून आबा खेकसले, "वाजवा की ओ! झोप लागली का?"

पुढच्या कळेला डोकं आलं, मग सगळं वासरू एकदम घसरून बायकोच्या मांडीवर. ते हलेना. तिनं बोटानं नाकातोंडातला चिकटा काढला, पाचटाची काडी नाकपुडीत फिरवली. वासरू शिंकलं. बायको हसली की रडली, त्या उजेडात नीट दिसलं नाही, आणि दिवा तिच्या तोंडावर नेण्याचं धाडस मी केलं नाही.

"कालवड हाय," ती म्हणाली. "घ्या खांद्यावर."

हॉर्नच्या आवाजाच्या रोखानं आम्ही निघालो. पुढं बायको दिवा घेऊन, मध्ये मी, मागं गाय. मी तिचं लेकरू पळवतोय असा तिचा पक्का समज झालेला; दर चार पावलांना ती मला ढुशी देई, आणि दोन ढुशांच्या मध्ये वासरू चाटता चाटता माझी मानही चाटून घेई. बांधाजवळ पोचतो तोच पाठीवरून काहीतरी कोमट, चिकट ओघळलं.

"अगं, हिनं शर्टावर घाण केली!"

"केली?" बायको आनंदानं ओरडली. "आबा, वासरू ठणठणीत हाय!"

आणि तिनं दिवा विझवला. आबांच्या हेडलाईटमध्ये बांध आता लख्ख दिसत होता.