ओ-यू-जी-एचचं पान

जी संपला. अक्षरांच्या पेटीतलं, म्हणजे केसमधलं, त्या इंग्रजी अक्षराचं घर बोटांनी खरवडलं तरी एक खिळा लागेना, आणि पानावरचे निम्मे शब्द अजून बाकी होते.

नागपूरपलीकडच्या पांढुर्ण्याच्या एका छापखान्यात मी कंपोझिटर होतो. म्हणजे शिशाचं एकेक अक्षर, त्याला आम्ही खिळा म्हणतो, ते उचलून ओळ जुळवणारा. आठवीत शाळा सोडून कोकणातून एवढ्या लांब आलेल्या मला मालक रामदासभाऊंनी काम दिलं, वहिनींनी दोन वेळचं ताट दिलं. ते उपकार आहेतच. पण भाऊंनी आधीच सांगितलं होतं, "इंग्रजी जमलं तर राहशील. मराठीवाला माह्याजवळ हाये."

पहिलंच इंग्रजी काम आलं वानखेडे सरांचं. सर शेजारच्या सौंसरला शिकवून रिटायर झालेले. कोणी वापरत नाही अशा जुन्या इंग्रजी शब्दांची पुस्तिका काढत होते. या पानावरचे सगळे शब्द ओ-यू-जी-एचवर संपणारे. क्लफ म्हणजे अरुंद दरी. चफ म्हणजे लाल चोचीचा कावळा. स्लाउ म्हणजे दलदल. हॉक म्हणजे जनावराच्या मागच्या पायाचा सांधा. शेपूट तेच, उच्चार भलताच! जुळवताना मजा येत होती. अर्थ मराठीत होते, ते खिळे भरपूर. पण आमचा इंग्रजी टाईप पावतीपुस्तकापुरता. त्यात जी असून असून किती असणार?

"काऊन रे, थांबला काऊन?" भाऊंनी विचारलं.

"जी संपला, भाऊ."

"अन् सर येऊन राहिले प्रूफ पाहाले. काम नागपूरले गेलं तर तूही आपल्या गावाले जाय."

समोर पानं बांधायच्या दगडावर एक लग्नपत्रिका जुळवून ठेवलेली होती. खाली निमंत्रक म्हणून पाच भावांची नावं, त्यांना मिळून एक मोठा महिरपी कंस, आणि आडनाव एकदाच. इकडची पद्धतच तशी. जुळवली मराठीवाल्यानं, पण सकाळी दोऱ्यानं बांधली मीच होती.

"भाऊ, या शब्दांचंही आडनाव एकदाच लावू?"

"येडा झाला का बे?" भाऊ म्हणाले. मग पत्रिकेकडे बघत राहिले. "लाव."

झालेल्या ओळी मोडल्या. अर्थ डावीकडे नेले, त्यांच्यापुढे शब्दांची नुसती सुरुवात, मग महिरप, आणि उजवीकडे जत्रेच्या पोस्टरच्या लाकडी टाईपात ओ-यू-जी-एच ही चार टपोरी अक्षरं, एकदाच. बोटं अशी पळत होती की ओळ जुळवायची स्टिक दोनदा हातातून सुटता सुटता राहिली.

सरांनी प्रूफ घेऊन वरपासून खालपर्यंत वाचलं.

"हे कोणाचं डोकं?"

भाऊंनी माझ्याकडे बोट केलं. मला वाटलं, आता वळकटी बांधायची.

"लग्नपत्रिकेसारखं केलं, सर," मी कसंबसं बोललो.

सर खो खो हसले. "बरोबर हाये. एकाच घरचे, पण एकाचं बोलणं दुसऱ्यासारखं नाही." मग चष्मा पुसत म्हणाले, "खिळे आता कमी नाही ना पडत?"

"नाही सर. कितीही शब्द बसतील."

सरांनी लगेच पेन काढलं आणि बाकावर बसून प्रूफच्या समासात नवे शब्द लिहायला घेतले.

"आता कुठं जातं तू," भाऊ माझ्या कानाशी म्हणाले. "हे काम काही संपून नाही राहिलं."

नोकरी पक्की झाली ती अशी. शिकलो एवढंच, की अडचण सुटली तर गिऱ्हाइकाला प्रूफ दाखवावं. अजून किती शब्द बसतील, ते सांगू नये.