कान तुटलेला कप

कान तुटलेला कप कुठंही दिसला, की मला येरमाळ्याच्या वाटेवरचं ते हॉटेल आठवतं. दुष्काळाचं वर्ष होतं. वडील खडी फोडायच्या कामावर जात होते आणि मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी रोजच्या वापरातल्या एखाद्या वस्तूचा फोटो काढायचा होता. सरांनी आपला कॅमेरा दिला, फोकस धरायला शिकवलं. मी हॉटेलच्या दाराबाहेर दगडावर पालथा घातलेला तो कप निवडला. फोटोत कप अगदी स्पष्ट आला, मागं आत फळीवर मांडलेल्या कपबश्यांची रांग धूसर. सरांनी फोटो भिंतीवर लावून खाली स्वतःच्या हातानं 'एकांत' असं लिहिलेली चिठ्ठी डकवली. "उजेड बघा कसा धरलाय पोरानं!" मी चाचरत म्हणालो, "सर, हा एकांत न्हाय. हा आमचा कप आहे." "घरनं नेलता व्हय रे?" एक मित्र ओरडला आणि सगळे हसले. "आमच्या बौद्धवाड्यातल्या माणसांना तिथं ह्याच कपात चहा देतात," मी म्हणालो. "माझे वडील ह्यातच पितात. पिऊन झालं की आपणच विसळायचा, परत दगडावर ठेवायचा." हसणं थांबलं. सर चष्मा पुसत म्हणाले, "असू दे. फोटोकडं फोटो म्हणून बघावं रे." एकांत म्हणे! मी ती चिठ्ठी फाडली, फोटो उतरवला आणि बाहेर पडलो. तो राग अजून गेलेला नाही. आज कॅमेरा हाती आला, तर कप धूसर राहिला तरी चालेल. फोकस मी मागच्या त्या रांगेवर धरीन.