क्लबाच्या गवतावर गुऱ्हाळाचा बैल

वर्कशॉपच्या मागं भंगार साठतं तसे हे किस्से माझ्याकडं साठलेत. भंगार निदान वजनावर जातं. हे कोण नेणार? म्हणून लिहून टाकते. तेच तेच सांगायचा मलाही आता कंटाळा आलाय.

सत्तरनंतरची वर्षं. साताऱ्याच्या वर डोंगरावर एका क्लबाचं गोल्फचं मैदान होतं. गवत कापायची मशिनं परदेशी, त्यांचे पार्ट मिळायचे नाहीत, आणि मिळाले तरी कमिटीच्या हातून पैसा सुटायचा नाही. म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये जुन्याचं नवं करायला आम्ही दोघं : लष्करातून पेन्शनीत आलेले फिटर सुभेदार, आणि मी. मशीन खोलायची मी, जोडायची मी; हजेरीवर मात्र ‘बिगारी’. ‘फिटर लिहा’ म्हणून दरसाल सेक्रेटरी साहेबांपुढं उभी राहायची. साहेब म्हणायचे, “बघू या.” शाळा मी बघितली नाही, अक्षरं ग्रीसच्या डब्यांवरून शिकले. पण ‘बघू या’चा अर्थ कळायला तेवढी पुरली.

*

आधी मशीनची पाती गेली. मोडक्या जीपच्या कमानपाट्यांतून आम्ही नवी घडवली. धार अशी बसली, की गवताबरोबर साहेबांचा चेंडूही कापला गेला. साहेब अर्धा चेंडू घेऊन शेडवर आले. सुभेदारांनी तो उलटापालटा करून बघितला.

“कट बाकी साफ आलाय, साहेब.”

*

मग मशीनचं इंजिनच बंद पडलं. कोरेगावला माझ्या भावाचा गुऱ्हाळाचा बैल होता, चरकाला इंजिन लागल्यापासून रिकामा. तो आणला. गवतावर खुरं उमटू नयेत म्हणून चारी पायांना कातडी पिशव्या बांधल्या, आणि इंजिन काढून मशीन मागं जुंपलं. पण त्यानं जन्मभर चरकाभोवती फेरे मारलेले. लांब पट्ट्यावर चार पावलं सरळ गेला की वळायचाच. चेंडूच्या खळीत रोवलेल्या झेंड्याभोवतीचं गोल गवत लय झकास कापलं, बाकी मैदानभर नुसती गोल गोल कडी.

साहेब म्हणाले, “त्याला सरळ चालायला शिकवा.”

मी म्हणाले, “त्यापरास मैदानच गोल करा की. बैलाचं वय झालंय.”

*

खत टाकायचं मशीनही कमिटीनं घेतलं नाही. सुभेदारांनी घरची पाभर आणली, पेरणीची. फण काढले, नळ्यांतून खत सोडलं. नळ्यांत मागच्या पेरणीची ज्वारी अडकलीय, हे काही कुणी बघितलं नाही. मैदानाच्या कडेला ओळीनं ज्वारी वर आली.

साहेबांनी माणदेशाकडच्या सखूबाईला खुरपं देऊन पाठवलं, “नको ते सगळं उपटून टाक.” संध्याकाळी जाऊन बघतात तर ज्वारी डुलतेय, आणि भोवतीचं विलायती गवत मुळासकट गायब.

“आवं, नको ते उपटलं की,” सखूबाई म्हणाली. “पोटऱ्यात आलेलं पीक कोण उपटतं व्हय?”

*

वर्षाच्या सभेत ‘काटकसरी’बद्दल सत्कार झाला. शाल साहेबांना, नारळ सुभेदारांना. मला बोलावलं होतं, नारळ फोडायला.

*

खंडेनवमीला शेडमध्ये सतरंजी टाकून सगळी हत्यारं पूजेला मांडायची. पूजेला बसलेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी उचलत नाही. त्या साली साहेबांनी फर्मावलं, सतरंजीवर फक्त कारागिरांची हत्यारं. माझे पाने बाकावरच राहिले. बोलून बोलून थकले होते.

दुपारी साहेब धावत आले. मुंबईचे पाहुणे खेळायला उतरलेले, आणि इंजिन दुरुस्त करून पुन्हा चालू केलेलं मशीन झेंड्यापाशीच अडकून बसलेलं.

सुभेदार म्हणाले, “हत्यारं पूजेला बसल्यात, साहेब. उद्या.”

“अहो, एक हातोडा उचलायला काय होतं?”

“न्हाई जमायचं.”

साहेबांची नजर बाकावर गेली. “बाई, तुमचे पाने तर बाहेरच आहेत.”

“हायेत की.”

“मग चला लवकर.”

“फिटर लिहिताय?”

साहेबांनी मैदानाकडं बघितलं, घड्याळ बघितलं. “पाहुणे जाऊ देत, मग बोलू.”

मी पाने पदरानं पुसले. एकेकाला हळदकुंकू लावलं आणि सतरंजीकडं गेले. सतरंजी भरलेली होती.

सुभेदारांनी आपला हातोडा उचलला आणि मला जागा करून दिली.